एव्हरेस्ट बेस कॅम्प: मुक्कामांची उंची आधी ठरवा, तिकिटं नंतर

उंचीचा त्रास, म्हणजे विरळ हवेने होणारा आजार, जडून एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लोबुचे किंवा गोरक्षेपहून हेलिकॉप्टरने खाली आणल्या जाणाऱ्यांमध्ये सिंहगड तासाभरात चढणारे बरेच असतात. त्यांचे पाय आणि दम शाबूत असतात, चुकलेलं असतं वेळापत्रक. रजा दहा दिवसांची मिळाली म्हणून ट्रेकही दहा दिवसांत कोंबला जातो, आणि कात्री नेमकी विश्रांतीच्या दिवसांवर चालते. खालचा क्रम या चुका टाळण्यासाठी आहे. तो उलटा करू नका: आधी मुक्काम, मग रजा, मग विमानाची तिकिटं.

1. कॅलेंडर: किती दिवस आणि कधी

चांगले हंगाम दोनच. मार्च ते मे, आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जून ते सप्टेंबर पावसाळा. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्ला गावची विमानं ढगांमुळे अडकतात आणि खालच्या जंगलात जळवा असतात. दिवाळीची सुट्टी बरोबर हंगामाच्या मध्यावर येते. आपल्याकडच्या गटांना ती सोयीची वाटते, पण तेव्हाच गोरक्षेपच्या मोजक्या लॉजमध्ये लोक जेवणघराच्या बाकांवर झोपतात. त्या आठवड्यात जायचंच असेल तर खोल्या काही महिने आधी धरून ठेवा.

दिवसांचा हिशेब असा:

लुक्ला ते लुक्ला: 12 दिवस
काठमांडूत जाताना आणि येताना: 2 दिवस
लुक्लाच्या हवामानासाठी राखीव: किमान 2 दिवस

म्हणजे 16. एवढी रजा मिळत नसेल तर त्या वर्षी हा ट्रेक करू नका. पोखऱ्याहून अन्नपूर्णा बेस कॅम्प, 4,130 मीटर, कमी दिवसांत नीट होतो, आणि तिथला डोंगरांचा वेढा काही कमी प्रतीचा नाही.

इशारा: परतीचं काठमांडू-मुंबई तिकीट लुक्लाहून निघण्याच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. सलग दोन-तीन दिवस विमानं बंद राहणं लुक्लाला नवीन नाही.

2. मुक्कामांची यादी

पर्वतीय वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य नियम: 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर पुन्हा काढावी. शब्द नीट वाचा: झोपण्याची उंची. दिवसा त्याहून वर चढून आलात तरी चालतं, रात्र खाली काढायची.

दिवस 1: लुक्ला (2,860 मी.) ते फाकदिंग (2,610 मी.)
दिवस 2: नामचे बाजार (3,440 मी.)
दिवस 3: नामचे, विश्रांती
दिवस 4: तेंगबोचे (3,860 मी.) किंवा जरा खाली देबुचे
दिवस 5: दिंगबोचे (4,410 मी.)
दिवस 6: दिंगबोचे, विश्रांती
दिवस 7: लोबुचे (4,940 मी.)
दिवस 8: गोरक्षेप (5,164 मी.), दुपारी बेस कॅम्प (5,364 मी.) आणि परत गोरक्षेप
दिवस 9: कालापत्थर (सुमारे 5,550 मी.), मग उतरून फेरिचे
दिवस 10: नामचे
दिवस 11: लुक्ला
दिवस 12: विमान

नकाशे आणि लॉजच्या पाट्या यांत पन्नास-शंभर मीटरचा फरक सापडेल; त्यावर वाद घालत बसू नका. फाकदिंग ते नामचे ही 800 मीटरची उडी नियमात बसत नाही, हे लक्षात आलं असेल. मधे मोंजोला (सुमारे 2,800 मी.) मुक्काम केला तरी उडी मोठीच राहते. म्हणून नामचेची दुसरी रात्र वगळायची नाही. दिंगबोचे आणि लोबुचे हे दोन्ही टप्पेही पाचशेच्या जरा वरच जातात, त्यामुळे दिंगबोचेची दुसरी रात्रही तितकीच आवश्यक.

तपासणी: एजन्सीने पाठवलेल्या आराखड्यात नामचे आणि दिंगबोचे ही नावं प्रत्येकी दोनदा सलग दिसतात का? नसतील तर एजन्सी बदला. स्वस्त पॅकेजमध्ये पहिला बळी याच दोन रात्रींचा जातो.

3. तयारी: बारा आठवडे

आधी एक गैरसमज. कळसूबाई 1,646 मीटर आहे. सह्याद्रीत कितीही चढलात तरी विरळ हवेची सवय होत नाही. ती शरीराला तिथे जाऊनच होते. सह्याद्रीत फक्त पाय, गुडघे आणि दम तयार होतात, आणि तेवढ्यासाठी तो उत्तम आहे.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून चार दिवस 45 मिनिटं भराभर चालणं, दोन दिवस जिने. मुंबईकरांना गड जवळ नसेल, पण वीस मजली इमारत असते. लिफ्टने उतरू नका, उतरण्याचाही सराव हवा.

पुढचे चार आठवडे: पाठीवर 6 ते 8 किलो घेऊन दर रविवारी सिंहगड आतकरवाडीकडून (साधारण 600 मीटर चढ) किंवा जवळचा तसाच चढ. गती अशी ठेवा की चढताना पूर्ण वाक्य बोलता येईल. तिथेही हीच गती लागणार आहे.

शेवटचे चार आठवडे: सलग दोन दिवस चालणं, म्हणजे शनिवारी सहा-सात तास आणि रविवारी दुखऱ्या पायांनी पुन्हा. राजगड-तोरणा यासाठी योग्य. शेवटचा आठवडा हलका. सर्दी-खोकला असेल तर तो बरा करूनच निघा.

बूट याच काळात मुरवायचे. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर परतीच्या उतारावर नखं काळी पडतात.

4. कागद, पैसे, विमा

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. मात्र विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, यांपैकी एक मूळ प्रत लागते. 15 ते 65 वयाच्या प्रवाशाचं आधार कार्ड त्यासाठी चालत नाही. दर हंगामात कोणी ना कोणी मुंबई विमानतळावरूनच परत जातं, ते यामुळे.

परवाने दोन. खुंबू म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याचा हा मुलूख; तिथल्या खुंबू पासाङल्हामू गाउँपालिकेचा (ग्रामपालिकेचा) स्थानिक परवाना लुक्लाला मिळतो. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा मोंजोच्या चौकीवर मिळतो. उद्यानाचं शुल्क सार्क देशांच्या नागरिकांना 1,500 नेपाळी रुपये अधिक 13 टक्के कर, म्हणजे 1,695. इतर परदेशी नागरिकांना याच्या दुप्पट. भारतीय असल्याचा मूळ पुरावा जवळ नसेल तर तो दर तुम्हालाही लागू शकतो.

पैसे: 1 भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. काठमांडूतच नेपाळी नोटा घ्या. लुक्ला आणि नामचेला एटीएम आहेत, पण भरवशाचे नाहीत. नामचेच्या वर रोखीशिवाय गत नाही. पॅकेजमध्ये जेवण नसेल तर दिवसाला 4,000 ते 5,000 नेपाळी रुपये धरा. गरम पाण्याची आंघोळ, मोबाईल चार्जिंग, वाय-फाय सगळ्याचे वेगळे पैसे, आणि उंचीबरोबर दरही चढतो. खोली स्वस्त असते, कारण रात्रीचं जेवण आणि नाश्ता त्याच लॉजमध्ये घ्यायचा असा रिवाज आहे. शेजारच्या लॉजमध्ये जाऊन जेवलात तर खोलीचं बिल वाढलं म्हणून भांडू नका.

विमा: पॉलिसीच्या अटींत तीन गोष्टी शोधा. ट्रेकिंगची उंचीमर्यादा किमान 6,000 मीटर आहे का. हेलिकॉप्टरने सुटका समाविष्ट आहे का. पैसे विमा कंपनी थेट देते की तुम्ही आधी भरायचे. नेहमीच्या प्रवासविम्यात पहिली अट बहुधा नसते. नंतर भांडून उपयोग नाही, आधीच लेखी विचारा.

5. पिशवी

लुक्लाच्या विमानात साधारण 10 किलो डफल (लांबट मोठी पिशवी) आणि 5 किलो हातातलं सामान, एवढीच मर्यादा. घरी वजनकाट्यावर मोजा.

पोर्टरकडे द्यायच्या डफलमध्ये: उणे 10 ते उणे 15 अंशांची स्लीपिंग बॅग, पिसांचं जाड जॅकेट, लोकरीचे किंवा सिंथेटिक आतले कपडे दोन जोड, मोज्यांचे चार जोड, लॉजमध्ये घालायच्या चपला.

पाठीवरच्या 30 लिटरच्या सॅकमध्ये: पाऊस-वाऱ्याचं जॅकेट, दोन लिटर पाणी, दोन थरांचे हातमोजे, कानटोपी, गॉगल, सनस्क्रीन, हेडलॅम्प, औषधं, रोख रक्कम, कागदपत्रं, पॉवर बँक. पॉवर बँक विमानात डफलमध्ये टाकता येत नाही. वर थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा.

सुती बनियन आणि जीन्स घरीच. घामाने भिजलेलं सुती कापड तिथे वाळत नाही.

खाऊ: राजगिरा लाडू, खजूर, चिक्की, आणि मेतकुटाची एक पुडी. 4,500 मीटरच्या वर जेवणावरची वासना जाते, तेव्हा लॉजच्या साध्या गरम भातावर मेतकूट-तूप घालून चार घास तरी पोटात जातात. पण दोन किलो फराळ नेऊ नका, तो कुणाच्या तरी पाठीवरून जाणार आहे. दोघांत एक पोर्टर असेल तर त्याच्यावरचं एकूण ओझं 20-25 किलोंच्या आत ठेवा. त्याचा विमा आणि गरम कपडे एजन्सी देते का, हेही विचारा.

6. औषधं: डॉक्टरांशी निघण्याच्या महिनाभर आधी बोला

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारातलं डायमॉक्स. उंचीच्या त्रासाच्या प्रतिबंधासाठी प्रौढांना साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. घरी असताना एक-दोन दिवस घेऊन पाहा: बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची चव बिघडते. हे ठाऊक नसलं की माणूस नामचेला घाबरतो.

हे औषध शरीराची जुळवणूक लवकर करतं. ते घेतलं म्हणून विश्रांतीचा दिवस गाळता येत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू मात्र वर जाताना पूर्ण बंद, दोन्ही रात्रीचा श्वास मंद करतात.

रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ‘मी रोज चालतो’ एवढ्यावर निर्णय घेऊ नये.

7. काठमांडू ते नामचे

गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. तिथवर गाडीने चार-पाच तास, म्हणजे मध्यरात्रीनंतर एक-दोनला निघायचं. तिकीट काढताना विमान नक्की कुठून, हे विचारा. सकाळचीच वेळ घ्या, कारण दुपारी दरीत वारा चढतो. लुक्लाची धावपट्टी जेमतेम 527 मीटरची आणि चढाची आहे, त्यामुळे वैमानिक थांबायचं म्हणाला तर थांबायचं.

पहिला दिवस सोपा आणि बराचसा उताराचा आहे. इथेच गट फुटतात. पुढचे पळतात, मागचे त्यांना गाठायला धापा टाकतात. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा.

दुसऱ्या दिवशी मोंजो, जोरसाले, मग उंच झुलता पूल आणि नामचेची खडी चढण. सहा-सात तास धरा. पुलावर याक किंवा खेचरांचा तांडा येत असेल तर अलीकडेच थांबा. वाटेवर गाठ पडली तर नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहा. दरीच्या बाजूला उभ्या माणसाला डफलचा एक धक्का पुरतो. मणी भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) आणि स्तूप उजव्या हाताला ठेवून जायचं.

8. नामचेचा विश्रांतीचा दिवस

विश्रांती म्हणजे पांघरुणात पडून राहणं नव्हे. सकाळी स्याङबोचेवरून एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत (3,880 मी.) जा, तासभर बसा, जेवायला खाली या. त्यापेक्षा मोठा पल्ला मारून पाय थकवू नका. राहिलेली खरेदी इथेच उरका, वर सगळं महाग.

नामचेच्या वर मांस खाऊ नका. खुंबूत जनावरं कापत नाहीत. मांस खालून पोर्टरच्या पाठीवर दिवसेंदिवस प्रवास करून येतं. डाळ-भात मागा, तो पुन्हा वाढतात. पाणी उकळलेलं घ्या. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं तरी जंतू मारायला ते पुरेसं असतं. क्लोरीनच्या गोळ्या गार पाण्यात सावकाश काम करतात, पाकिटावरच्या अर्ध्या तासापेक्षा बराच जास्त वेळ द्या.

9. रोजची तपासणी: इथे कंटाळा नको

नामचेपासून रोज संध्याकाळी जेवणाआधी गटातल्या प्रत्येकाला हे विचारा, आणि उत्तरं वहीत लिहा:

डोकं दुखतंय का? मळमळ, उलटी किंवा भूक मेली आहे का? चक्कर? नेहमीपेक्षा फार जास्त थकवा?

डोकेदुखी आणि बाकीच्यांपैकी एक जरी ‘हो’ असेल, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचा त्रासच समजा. ‘ऊन लागलं’, ‘झोप नीट झाली नाही’ ही स्पष्टीकरणं दुसऱ्या दिवशी द्या. त्या माणसाने पुढे चढायचं नाही, त्याच गावात आणखी एक रात्र. चोवीस तासांत उतार पडला तर पुढे, वाढला तर खाली.

पुढच्या दोन अवस्था जीवघेण्या आहेत.

मेंदूला सूज: बोलणं तुटक, वागणं विचित्र, तोल जाणं. चाचणी सोपी आहे. जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला पंजा लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर सकाळची वाट पाहू नका.

फुप्फुसात पाणी: बसल्याजागी धाप, छातीत घरघर, ओठ निळसर, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी. कोरड्या हवेने येणारा ‘खुंबू खोकला’ बहुतेकांना होतो. पण खोकल्याबरोबर विश्रांतीतही धाप असेल तर तो साधा खोकला नाही.

दोन्हींवर उपाय एकच: ताबडतोब किमान 500 ते 1,000 मीटर खाली, रात्र असली तरी, सोबत माणूस देऊन. ऑक्सिजन आणि औषधं मिळाली तर त्याने वेळ मिळतो, उतरणं टळत नाही. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं दवाखाना-केंद्र हंगामात चालू असतं. तिथे दुपारी उंचीच्या त्रासावर माहिती सांगतात. शक्य असेल तर चढतानाच ऐका.

रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा बोटावरचा ऑक्सिमीटर न्या, पण त्याच्या आहारी जाऊ नका. गार बोटं, नेलपॉलिश यांनी आकडा चुकतो, आणि 5,000 मीटरवर 80 च्या आसपासचा आकडा धडधाकट माणसालाही दिसतो. आकडा चांगला आणि माणूस अडखळतोय, तर माणसाकडे बघा.

इशारा: त्रास लपवणं हा गटाचा रोग आहे. ‘माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बिघडेल’ म्हणून लोक गप्प राहतात. एक माणूस खाली न्यावा लागला तर सोबत कोण जाईल, हे काठमांडूतच ठरवा.

10. तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे

तेंगबोचेच्या आधी वाट फुंकी थांगाला नदीपर्यंत उतरते आणि मग सुमारे 600 मीटर सलग चढते. नामचेहून लवकर निघा. दिंगबोचेच्या विश्रांतीच्या दिवशी मागच्या नांगकरत्सांग डोंगरावर (सुमारे 5,080 मी.) जाता येतं. शिखर गाठलंच पाहिजे असं नाही. 4,800 पर्यंत जाऊन परत आलात तरी काम झालं.

दिंगबोचे-लोबुचे वाटेवर थुक्ला लागतं. तिथे पोटभर जेवू नका, लगेच खडी चढण आहे. सूप पुरे.

तपासणी: दिंगबोचेच्या दुसऱ्या सकाळी डोकेदुखी आहे? लोबुचेला जाऊ नका. पुढे लवकर खाली येण्याच्या सोयी कमी होत जातात.

11. गोरक्षेप, बेस कॅम्प, कालापत्थर

लोबुचेहून पहाटे निघून सकाळी गोरक्षेपला पोहोचा. खोली घ्या, जेवा, मग हलकी सॅक घेऊन बेस कॅम्पला. जाऊन-येऊन पाच-सहा तास लागतात. दुपारी एकनंतर निघू नका.

बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. मधे दुसरे कडे येतात. शिवाय तंबूंची वस्ती वसंतातच असते, शरदात तिथे बहुतेक दगड-बर्फच. शिखर बघायचं ते कालापत्थरवरून. तिथे पहाटे जायचा प्रघात आहे, पण सूर्य एव्हरेस्टच्या मागून उगवतो, त्यामुळे फोटोत शिखर काळं येतं. उजळलेलं शिखर हवं तर संध्याकाळी चढा आणि अंधारात उतरण्यासाठी हेडलॅम्प व गाईड सोबत ठेवा. बेस कॅम्प आणि हे, दोन्ही एका दिवशी मात्र नको. आपल्या बारा दिवसांच्या आराखड्यात त्यामुळे पहाटच बसते.

पहाटे साडेचारला निघाल तर उणे 15 आणि वर वारा. पाण्याची बाटली उलटी ठेवा, म्हणजे बर्फ आधी बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. भगवा जरूर फडकवा, घोषणाही द्या. पण धाप ओसरल्यावर, आणि झेंडा परत आणा.

12. उतरताना

फेरिचेला उतरल्यावर जेवण आणि झोप परत येते, आणि माणसं बेफिकीर होतात. घोट्याच्या दुखापती याच दोन दिवसांत जास्त होतात. काठ्या उताराला थोड्या लांब करा, पावलं आखूड टाका. फेरिचे ते नामचे लांबचा दिवस आहे. गुडघे दुखत असतील तर पांगबोचे किंवा देबुचेला एक रात्र जास्त काढा.

लुक्लाला पोहोचल्या संध्याकाळीच विमानाच्या जागेची खात्री करून घ्या. सकाळी पहिल्या फेरीच्या आधी विमानतळावर हजर राहा. हवामानामुळे विमानं बंद असतील तर एक राखीव दिवस तिथेच काढा. दुसराही जाईल असं दिसलं तर संध्याकाळपर्यंत ठरवा: हेलिकॉप्टरची जागा वाटून घ्यायची, की चालत सल्लेरीच्या दिशेने उतरून जीप पकडायची. सल्लेरीहून काठमांडू जीपने जवळपास अख्खा दिवस लागतो, तोही हिशेबात धरा.